तुम्ही विचारलेत म्हणून : देणगी सरळ का देत नाही?

मदतच करायची असेल तर पैसे सरळ द्यावेत, त्यासाठी दिवसरात्र एकच टेकडी चढत-उतरत राहण्याची काय गरज, असे मला वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे.

मी ज्याची तयारी करीत आहे त्याला एव्हरेस्टिंग म्हणतात. एकच चढ निवडायचा आणि एकूण चढाई ८,८४८ मीटर होईपर्यंत, मध्ये झोप न घेता, तो पुन्हापुन्हा चढायचा. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर मृत्यू पावलेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील माउंट डोना बुआंगवर सायकलने असा उपक्रम केला होता. पायी करायचे झाल्यास शंभर मीटरचा चढ ८९ वेळा चढावा लागतो. सत्तर किलो वजनाचे शरीर एवढे उंच नेण्यासाठी सुमारे १,४५० किलोकॅलरी इतके काम होते. परंतु स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवू शकत असल्याने केवळ चढण्यावर सहा-सात हजार किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यातच उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत राहते. म्हणूनच मला चढापेक्षा उताराची धास्ती अधिक वाटते.

आता मूळ प्रश्न. मी माझ्या परीने देणगी देतोच. पण माझ्या एकट्याच्या देणगीला मर्यादा आहे. नुसते मागितले तर लोक ऐकतात आणि विसरतात, मात्र मागणारा स्वतः कष्ट उपसणार आहे हे दिसले की ते थांबतात, कारण विचारतात आणि त्या निमित्ताने ज्यांच्यासाठी निधी हवा त्यांच्याविषयी बोलता येते. ऑलिव्होला आणि शफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर असे आढळले की सत्कार्यासाठी आपल्याला वेदना आणि श्रम सोसावे लागणार, अशी अपेक्षा असताना लोक अधिक देणगी द्यायला तयार होतात. श्रमांमुळे देण्याला अर्थ येतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे आणि मला ते मनापासून पटते.

अर्थात कष्टांचे मोल शेवट गाठण्यावर ठरत नाही. कर्करोगात एक पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे निदान झाले आणि त्याला थांबावे लागले. तरीही फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २.४ कोटी डॉलरच्या वर गेला होता.

त्यामुळे माझा आग्रह एकच असतो : ‘पूर्ण केलेस तरच देईन’ असे वचन कोणीही देऊ नये. अशा अटीखाली चढणारा माणूस चक्कर येत असतानाही पुढची फेरी घेतो, कारण थांबल्यास इतरांचे पैसे बुडतील असे त्याला वाटते. देणगी संस्थेच्या खात्यात थेट आणि चढाई सुरू होण्यापूर्वीच जमा करावी; माझा प्रवास, खाणे आणि सोबत्यांचा खर्च मी स्वतः करतो.