०७१२ चं ४५८ कसं झालं

आजचा अख्खा दिवस एका आकड्यामागे गेला. नागपुरातल्या कळमन्याच्या एका संत्रा व्यापारी काकांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करतोय. दुकानाचं नाव, पत्ता, फोन हे सगळं कोडमध्ये न लिहिता वेगळ्या यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहायची पद्धत) ठेवलंय. उद्या पत्ता बदलला तर कोडला हात लावायला नको.

सकाळी पहिलं बिल छापलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं, "काऊन भाऊ, हा कुठला नंबर?" नागपूरचा एसटीडी कोड छापून आला होता ४५८! फाइलमध्ये स्वच्छ ०७१२ लिहिलेलं.

दुपारी उलगडा झाला. आमचं कोड पायथन भाषेत आहे, आणि त्यात यामल फाइल वाचणारी पायवायएमएल लायब्ररी यामलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळते, आणि त्यात शून्याने सुरू होणारा असा आकडा ऑक्टल, म्हणजे आठ पाया असलेला धरतात. ७×६४ + १×८ + २ = ४५८. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम बदललाय, पण आम्ही वापरतो ती लायब्ररी जुन्यावरच आहे.

उपाय दोन अवतरणचिन्हांचा: "०७१२". फोन नंबरची बेरीज कोण करतं? तो मजकूरच, आणि अवतरणात टाकला की लायब्ररीही तो मजकूर म्हणूनच वाचते. अमरावतीच्या शाखेचा ०७२१ सुद्धा लगेच अवतरणात टाकला, नवीन बिल छापलं आणि काकांना स्वतः नेऊन दाखवलं.