यादीतलं 41वं नाव: निसर्ग वादळानंतरचे आमच्या घरातले दिवस

3 जून 2020, बुधवार. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या घराची कौलं उडायला लागली तेव्हा आम्ही चौघं स्वयंपाकघरात ओट्याखाली अंग चोरून बसलो होतो, ह्यांनी दोन्ही पोरांच्या डोक्यावर परात धरली होती आणि मी मोठमोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणत होते, पण खरं सांगते, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. कौलं फुटल्याचा आवाज नव्हता तो. एकेक कौल उचललं जायचं आणि खाली न पडता कुठेतरी लांबच जायचं. चारच्या सुमाराला वारा पडला. दार ढकलून पडवीत आलो तर समोर समुद्र. चार वर्षं त्या घरात राहत होतो पण पडवीतनं समुद्र कधी दिसला नव्हता, मध्ये सुपारीची वाडी होती ना. त्या दिवशी वाडीच नव्हती.

आम्ही मूळचे नगरकडचे. 2016 पासून दापोली तालुक्यात, केळशीच्या अलीकडे एका वाडीत भाड्याने राहतो. हे पाळक आहेत, आजूबाजूच्या गावांत विखुरलेली थोडी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांच्या उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, लग्न-मयत सगळं हेच बघतात, आणि मी शिवणक्लास घेते, संध्याकाळी वाडीतल्या पोरांचा अभ्यास घेते. इथे मिशन हा शब्द काही नवीन नाही, साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेतच शिकले, त्यामुळे जुन्या माणसांना मिशनवाले म्हटलं की शाळाच आठवते. त्याच्याही आधी, 1823 मध्ये, बाणकोटला डोनाल्ड मिचेल नावाचे स्कॉटिश मिशनरी आले आणि त्याच वर्षी वारले. हे मला ह्यांनी आम्ही इथे आलो त्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं तेव्हा मी नुसतं हं म्हटलं होतं. वादळाच्या रात्री मात्र ओल्या गादीवर बसून मला तेच आठवत राहिलं, की त्यांच्यामागून जी माणसं इथे आली त्यांच्या बायकापोरांनी इथला पहिला पावसाळा कसा काढला असेल.

वादळ आलं तेव्हा लॉकडाऊन होताच. मार्चपासून उपासना बंद, उपासना बंद म्हणजे दानार्पण बंद, आणि आमचं घर चालतं ते नगर आणि पुण्याकडच्या दोन-तीन मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, मदतीवर, तिथेही तीच परिस्थिती. एप्रिल-मे आम्ही कसेबसे काढले होते. त्यात हे वादळ.

पहिले दोन दिवस फक्त रस्ता. झाडं पडलेली, विजेचे खांब आडवे, वाडीतले सगळे पुरुष कोयते-कुऱ्हाडी घेऊन रस्ता मोकळा करत होते आणि हे त्यांच्यातच. वीज नाही, नेटवर्क नाही. मागच्या टेकडीवर एका कातळावर उभं राहिलं की मोबाईलला एक कांडी यायची. माझ्या आईला आम्ही जिवंत आहोत हे चौथ्या दिवशी कळलं, आणि ती फोनवर नुसती रडत होती तोवर माझी बॅटरी संपली.

तिसऱ्या दिवशी आम्ही वही काढली. ज्यांना कधी असं काम करायची वेळ येईल त्यांच्यासाठी हे जरा नीट सांगते, कारण आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. आधी घरोघर जाऊन नुसतं बघायचं, काहीही कबूल करायचं नाही. छप्पर कौलाचं की पत्र्याचं, किती उघडं पडलंय, घरात कोण कोण, चूल पेटतेय का. मग नियम ठरवला, आणि तो वाडीतल्या दोन जाणत्या माणसांना आणि बचत गटाच्या ताईंना बरोबर बसवून ठरवला, आमच्या मनाने नाही. आधी अंथरुणाला खिळलेली माणसं, मग बाळंतिणी, मग एकट्या बायका, मग ज्या घरात लहान मूल किंवा आजारी मूल आहे ती घरं, आणि त्यानंतर बाकीचे. जात-धर्म, कोण आमच्याशी बोलतं कोण बोलत नाही, ह्यातलं काही नाही. 112 घरं झाली. नियमाप्रमाणे आमचं घर 41 नंबरवर आलं, कारण धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला दमा आहे.

धान्य मिळत होतं हो, तांदूळ-डाळ अनेक ठिकाणांहून आली. नडत होती ती ताडपत्री. वादळानंतर जेमतेम आठ दिवसांनी, 11 तारखेला मान्सून आला. पत्रे मिळेनात, मिळाले तर भाव ऐकून माणूस परत फिरायचा, कौलं तर नाहीच. पुण्याच्या आमच्या ओळखीच्या मंडळीने पैसे गोळा करून 18 बाय 24 फुटांच्या 60 ताडपत्र्या टेम्पोने पाठवल्या, त्या टेम्पोच्या ई-पाससाठी ह्यांनी त्या कातळावर उभं राहून एक अख्खा दिवस फोन केले, आणि 9 तारखेला रात्री टेम्पो आला. 60 ताडपत्र्या, 112 घरं.

त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात ह्यांनी वही उघडली, 41 नंबरवर रेघ मारली आणि शेवटी 113 लिहून तिथे आमचं नाव टाकलं.

मी म्हटलं, अहो हे काय?

म्हणाले, अगं आपण वाटणारे, आपण आधी घेतलं असं कुणी म्हणायला नको.

मी म्हटलं, आपण आधी कुठे घेतोय, आपल्या नंबरवर घेतोय, नियम तुम्हीच केलात ना.

ते गप्प राहिले आणि कौटुंबिक प्रार्थनेला बायबल उघडून नेमका सारफथच्या विधवेचा भाग वाचला. जिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलं होतं, आणि एलीया संदेष्टा तिला म्हणाला, आधी मला एक भाकर करून आण. ती करते आणि मग तिचं पीठ संपत नाही. हा भाग मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकलाय, शिकवलाय सुद्धा. पण त्या रात्री माझं डोकंच फिरलं. मी पोरांसमोर बोलले, की तिचा मुलगा होता ना घरात, त्याला कुणी विचारलं का? आणि उठून आत गेले. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि प्रार्थना अर्धी टाकून मी कधी उठले नव्हते.

10 ला वाटप झालं. 11 ला पाऊस. आमच्या मधल्या खोलीवर फ्लेक्सचा एक जुना तुकडा बांधला होता, त्याच्यात पाणी साचायचं आणि दर तासाला काठीने ढोसून ते बाहेर काढायचं, नाहीतर सगळंच खाली. थोरली कोपऱ्यात वह्या पोटाशी धरून बसायची. धाकट्याचा दमा दुसऱ्या रात्री उठला. नेब्युलायझर कपाटात, पण विजेशिवाय त्याचा काय उपयोग, पंप देत होते, तरी त्याची छाती आत ओढली जात होती, बरगड्या मोजता येतील इतकी. हे त्याला मांडीवर उभं धरून बसले होते आणि मी काठी घेऊन. एकमेकांशी एक शब्द नाही. आणि प्रार्थना, ती तर मला होतच नव्हती. ओठांनी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना तेवढी यायची, तीही पोरांना सवय म्हणून. हे मी आजपर्यंत मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाबद्दलचा आपला अनुभव सांगताना, कधी सांगितलं नाही, आता सांगतेय.

सकाळी शेजारच्या आजी आल्या. एकट्या राहतात, त्या यादीत 17 नंबरला होत्या. डोक्यावर इरलं आणि काखेत वाटपात दिलेली ताडपत्री, घडी तशीच, सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

ह्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, पाळकसाहेब, तुमचं पोर रात्रभर खोकतंय, मला भिंतीपलीकडे ऐकू येतंय. त्याला भिजत ठेवून आणलेली ताडपत्री मी माझ्या घरावर कशी घालू? यादी करताना मी बसले होते ना तिथे, तुमचं घर 41वं होतं. मग तुमचं नाव कापलंत कुणाला विचारून?

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, मला खरं तर बरं वाटायला हवं होतं की कुणीतरी माझी बाजू घेतली, पण मला ह्यांचा चेहरा बघवला नाही. आजींची ताडपत्री आजींच्याच घरावर घालायला हे स्वतः गेले. तीन ताडपत्र्या शिल्लक होत्या, सामाईक कोठारासाठी ठेवलेल्या, त्यातली एक जाणत्या माणसांना विचारून आमच्या घरावर आली. मार्करने कोपऱ्यात 41 लिहिलं, सगळ्यांच्या ताडपत्रीवर लिहिलं होतं तसंच. त्या रात्री हे पोरांसमोर म्हणाले, माझं चुकलं. आणि थोरलीला जवळ घेऊन तिला नीट विचारलं, की आपण हे काम करतोय त्यात तुला काय वाटतं. तिने पहिल्यांदाच सांगितलं की तिला समुद्र दिसतो त्याची भीती वाटते.

मला वाटतं आपण सेवेत असलेली माणसं स्वतःचं द्यायला शिकतो आणि मग पोरांचंही आपलंच समजून देऊन टाकतो. माझा वाद देवाशी नव्हताच बहुतेक, ह्याच्याशी होता.

दुसरा त्रास वेगळा. वाडीतल्या एका तरुणाने ह्यांना तोंडावर विचारलं, हे देऊन नंतर मागणार काय? ह्यांनी सांगितलं, काही नाही, आणि तू रोज वाटपाला बरोबर ये. तो आला, शेवटपर्यंत आला. आम्ही ठरवलंच होतं की पिशवीत पत्रक नाही, बायबलच्या वचनाचं कार्ड नाही, प्रार्थना कुणी म्हटलं तरच. ह्याचा एका देणगीदार संस्थेला राग आला, त्यांना हात पसरलेल्या माणसांचे फोटो हवे होते. आम्ही ताडपत्री घातलेल्या छपरांचे फोटो पाठवले. त्यांची मदत पुढे आली नाही. दुसरी खेप 20 तारखेनंतर नगरच्या लोकांकडून आली, तेव्हा उरलेली घरं झाकली.

मग पंचनामे सुरू झाले आणि माझं शिवणाचं मशीन बाजूला सरकवून तिथे अर्ज भरायचं काम सुरू झालं. आधार, पासबुक, घरपट्टीची पावती, 7/12, 8अ. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली होती, ऐकायला मोठी वाटते, पण इथे हेक्टर कुणाकडे आहे? इथे गुंठे. एका हेक्टरात साधारण 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला जवळजवळ 500 रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार, आणि एवढ्याशा जागेत सुपारी, मधे नारळ, खाली जायफळ, मिरीचे वेल, आजोबांनी लावलेलं. म्हणून लोक म्हणत होते झाडं मोजा, जमीन नको. त्यात 7/12 वर पंधरा-पंधरा नावं, अर्धे मुंबईला, लॉकडाऊनमध्ये अडकलेले, त्यांची संमतीपत्रं आणायची कुठून. कातळावर उभं राहून मी लोकांच्या चुलत्यांना फोन करायचे. एक काका तर फोनवर वाडीतल्या एकेका झाडाची चौकशी करत राहिले आणि मला हो-नाही करवेना. आमचं घर भाड्याचं, त्यामुळे छपराची मदत मालकाच्या नावावर, ते मुंबईला, ते ठीकच आहे.

त्या दिवसांत धाकट्याने एकदा जेवताना विचारलं, पप्पा, वादळ देवाने पाठवलं का? हे बराच वेळ भात कालवत राहिले. मग त्याला एलीयाचीच पुढची गोष्ट सांगितली, डोंगरावर मोठा वारा सुटला, खडक फुटले, पण परमेश्वर त्या वाऱ्यात नव्हता. भूकंप झाला, त्यातही नव्हता. अग्नीतही नव्हता. मग एक मंद वाणी आली. धाकटा म्हणाला, मग वारा होता तेव्हा देव कुठे होता? हे म्हणाले, बाळा, ते मलाही अजून नीट सांगता येत नाही. मला त्यांचं ते उत्तर त्यांच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा आवडलं. त्या रात्री खूप दिवसांनी मी माझ्या शब्दांत प्रार्थना केली, दोनच वाक्यं, एक धाकट्याच्या छातीसाठी आणि एक त्या काकांसाठी.

आमच्या वाडीत वीज जुलैत आली. मालकांनी दिवाळीनंतर येऊन छप्पर केलं, आता पत्रा आहे, पाऊस पडला की बोलणं ऐकू येत नाही. समोर सुपारीची रोपं लावलीत पण ती अजून लहान आहेत, पडवीतनं समुद्र दिसतोच, थोरली आता तिथेच बसून अभ्यास करते. ताडपत्री आम्ही धुऊन ठेवली होती. कोपऱ्यातला 41 पुसट झालाय, पण वाचता येतो. दर मे महिन्यात आजी ती मागून नेतात आणि अंगणात पसरून त्यावर आमसुलं वाळत घालतात.