नाव का छापत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसा हा प्रश्न मला कोर्टाच्या बातम्या करायला लागल्यापासून येतो आहे. लग्नात, लोकलमध्ये, बातमी छापून आली की फोनवर. ‘नाव का छापत नाही? कुणाला वाचवताय?’ विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि तो राग मला परका वाटत नाही. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. सगळा महाराष्ट्र पेटून उठला. त्या आठवड्यात आलेल्या फोनचा सूर एकच होता: पैसेवाल्याचं पोर म्हणून झाकताय. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्या क्षणी कुणाला ऐकायचं नव्हतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायचा नाही, असं ते कलम सांगतं. श्रीमंत मुलगा, गरीब मुलगा असा भेद त्यात नाही. मोबाइल चोरताना धरलेल्या झोपडपट्टीतल्या पोराचं नावही आम्ही त्याच कलमामुळे छापत नाही. फक्त त्याच्यासाठी मला कुणाचा फोन येत नाही.

जामीन चुकीचा वाटला तर तसं खुशाल म्हणा, मीही म्हणेन. मंडळानं काय केलं, पोलिसांनी काय केलं, रक्ताच्या नमुन्यांचं काय झालं, हे सगळं छापून आलं आणि यायलाच हवं होतं. नाव झाकलेलं असूनही त्या प्रकरणातली एकही महत्त्वाची गोष्ट लपून राहिली नाही. नाव झाकणं आणि कारभार झाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला जे सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं त्याचा पुरावा म्हणून वाचा.

याहून अवघड जागा वेगळी आहे. अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव नाही हे लोकांना पटतं. आरोपीचंही नाव नाही म्हटल्यावर मात्र संताप होतो. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, कितीतरी खटल्यांत आरोपी घरातलाच असतो: सावत्र बाप, काका, मामा. ‘मामाला वीस वर्षांची शिक्षा’ असं लिहून खाली मामाचं नाव, गाव आणि वय दिलं की त्या गावात मुलीचं नाव वेगळं छापावं लागत नाही. पोक्सोच्या कलम २३ मध्ये म्हणूनच नाव-पत्त्याच्या जोडीला फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजारही आहे. शेजार हा शब्द कायद्यात घालणाऱ्याला आपली वस्ती कशी असते ते पक्कं ठाऊक असावं.

माझ्या टेबलावर अशी बातमी येते तेव्हा काय होतं ते सांगते. समजा, तालुक्याच्या वार्ताहरानं पाठवलंय: अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत शिकणारी मुलगी, आई विडी कारखान्यात, वडील वारलेले, आरोपी चुलता, बसस्टँडसमोर त्याची पंक्चरची टपरी. यातलं गाव जातं आणि ‘जिल्ह्यातील एका गावात’ उरतं. शाळा आणि इयत्ता जाते. विडी कारखाना जातो. टपरी तर पहिली जाते. उरतं ते ‘अल्पवयीन मुलगी’ आणि ‘जवळचा नातेवाईक’. आता आणखी एक अडचण. दुसऱ्या पेपरनं नातं गाळून आरोपीचं नाव आणि टपरी ठेवलेली असते. आम्ही ‘चुलता’ लिहिलं आणि त्यांनी टपरी ठेवली, तर? दोन्ही पेपर एकाच चहाच्या हॉटेलात येतात आणि दहा मिनिटांत गावाला सगळं कळतं. म्हणून चुलता की मामा हेसुद्धा आम्ही लिहीत नाही. वाचकाला ही बातमी अळणी लागते, मला माहीत आहे. पण ती मुलगी उद्या त्याच शाळेत जाणार असते.

आता बंद दाराबद्दल. बलात्काराचा आणि पोक्सोचा खटला इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, चालतो. पुकारा होतो, न्यायाधीश खूण करतात आणि शिपाई सगळ्यांना बाहेर काढतो. दुसऱ्या खटल्यांचे वकील, पक्षकार, आम्ही पत्रकार, सगळे. दार लागतं. आत न्यायाधीश, स्टेनो, सरकारी वकील, बचावाचा वकील, आरोपी आणि ज्याच्यावर मुलीचा विश्वास आहे असं कुणीतरी. मुलीला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा असतो किंवा साक्ष व्हिडिओवर होते. बचावाच्या वकिलानं थेट मुलीला प्रश्न विचारायचे नसतात. ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी विचारायचे, असं पोक्सोचं कलम ३३ सांगतं. बाहेरच्या बाकावर मुलीची आई बसलेली असते, हातात डबा आणि पाण्याची बाटली. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी अनेकदा बसले आहे. आत काय चाललंय हे मला कळत नाही, आणि त्या वेळी ते मला कळू नये, असंच मला वाटतं.

हे दार कसं लागलं त्याचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून उठलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ तेव्हा आलं (भारतीय न्याय संहितेत ते आता कलम ७२ आहे), आणि अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूदही तेव्हाचीच. जिच्यामुळे हे संरक्षण आलं तिला स्वतःला ते मिळालं नाही. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी तो खटला तिच्या नावानं ओळखतो. मी ते नाव इथे लिहीत नाही.

‘मुलगी गेली, आता नाव लपवून काय फायदा?’ हाही प्रश्न येतो, आणि कधी कधी तो तिच्या आई-वडिलांकडूनच येतो. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी त्यावर निर्णय दिला: मृत पीडितेचंही नाव उघड करायचं नाही, नातेवाइकांना तसं वाटत असेल तर त्यांनी सत्र न्यायाधीशांकडे जावं. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआच्या, अत्याचार करून मारलेल्या बालिकेचं नाव आणि फोटो छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात अत्याचार करून मारलेल्या डॉक्टरचं नाव आणि छायाचित्रं ऑगस्ट २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरून काढायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ती छायाचित्रं पेपरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त हातांनी, तिच्यासाठी न्याय मागणाऱ्या हातांनीच, पुढे पाठवली होती. एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. सज्ञान पीडितेला स्वतःला नावानिशी बोलायचं असेल तर ती लेखी संमती देऊ शकते. तो तिचा हक्क आहे. शांत बसण्याचा हक्क तिला मिळावा म्हणून हा कायदा आहे, तिला शांत बसवायला नव्हे.

इथपर्यंत मी झाकण्याच्या बाजूनं बोलले. आता दुसरी बाजू, कारण झाकायची सवय फार लवकर लागते.

१९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा चालू होता. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यापुढे भाईचंद गोडा नावाचे साक्षीदार उभे राहिले. आधीच्या साक्षीच्या बातम्या आल्यानं आपल्या धंद्याला फटका बसला, आता छापू देऊ नका, अशी विनंती त्यांनी केली. तारकुंड्यांनी ती मानली. कोर्ट उघडं, दार उघडं, लोक बसलेले. फक्त छापायचं नाही. आदेश तोंडी होता. लेखी द्या म्हटल्यावर तोंडी सांगितलेलं पुरेसं आहे, असं उत्तर मिळालं. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर आणि आणखी तिघे पत्रकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली नऊ न्यायाधीश बसले आणि मार्च १९६६ मध्ये याचिका फेटाळली. खटले उघडेच चालले पाहिजेत असं निकालात ठासून सांगितलं, आणि न्यायासाठी गरज पडली तर उच्च न्यायालय प्रसिद्धी थांबवू शकतं, असंही ठरवलं. एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला विरोधात गेले.

माझं मत हिदायतुल्लांच्या बाजूचं आहे. साक्षीदाराच्या धंद्याची काळजी हे लोकांचे डोळे झाकण्याचं कारण होऊ शकत नाही. साक्ष देणारं लेकरू आणि साक्ष देणारा व्यापारी यांची भीती एका मापानं मोजता येत नाही. हे मी तारकुंड्यांविषयी मनात आदर ठेवून लिहिते आहे. मूळचे सासवडचे, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. न्यायाधीशपद सोडल्यावर नागरी हक्कांसाठी देशात ते जितके झिजले तितके फार थोडे. अशा माणसालाही त्या दिवशी साक्षीदाराची अडचण मोठी वाटली, म्हणूनच मला ही बाब व्यक्तीच्या भलेपणावर सोडावीशी वाटत नाही.

२०१२ मध्ये सहारा उद्योगसमूह आणि शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी यांच्या वादात सरन्यायाधीश कपाडियांच्या पाच जणांच्या घटनापीठानं निदान माप तरी घालून दिलं. छापू न दिल्यास खटला बिघडण्याचा धोका टळणार असेल, तो धोका खरा आणि मोठा असेल, दुसरा उपाय नसेल, तरच बंदी; तीही काही काळापुरती. म्हणजे बातमी पुढे ढकलायची, पुरून टाकायची नाही.

हे माप प्रत्यक्षात किती लवकर विसरलं जातं ते मुंबईनंच पाहिलं. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सोहराबुद्दीन शेखच्या कथित बनावट पोलीस चकमकीच्या खटल्यात विशेष सीबीआय न्यायालयानं कामकाजाच्या बातम्या द्यायला मनाई केली. बचाव पक्षाची तशी मागणी होती. आम्ही आत बसायचं, ऐकायचं, पण लिहायचं नाही. बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नालिस्ट्स आणि नऊ पत्रकार उच्च न्यायालयात गेले आणि २४ जानेवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांनी ती मनाई रद्द केली. त्यानंतर काय झालं? साक्षीदार एकामागून एक फितूर होत गेले, नव्वदीच्या पुढे. डिसेंबरमध्ये सगळे बावीस आरोपी सुटले. निकाल बातम्यांमुळे बदलला नाही, आणि बातम्यांचं ते कामही नव्हतं. पण साक्षी कशा कोसळत गेल्या ते दिवसागणिक छापलं गेलं. मनाई टिकली असती तर वाचकाला शेवटी फक्त ‘निर्दोष’ एवढा एक शब्द मिळाला असता.

दोन्ही एकत्र साधता येतात, याचंही उदाहरण आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधल्या सामूहिक बलात्काराचा खटला इन-कॅमेरा होता. मार्च २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं राष्ट्रीय दैनिकांच्या प्रत्येकी एका वार्ताहराला आत बसू दिलं. पीडितेचं नाव छापायचं नाही, या अटीवर. कायद्यातच ती सोय आहे: नाव-पत्ता गुप्त ठेवून कामकाज छापायची परवानगी न्यायालय देऊ शकतं. आमच्यातले फार कमी जण ती मागतात. दार लागलं की आम्ही सुस्कारा टाकून पुढच्या कोर्टात जातो. वरिष्ठांना ‘इन-कॅमेरा होतं’ एवढं सांगितलं की पुरतं.

त्यामुळे आता कुणी वकील किंवा कर्मचारी मला सांगतो की ‘मॅडम, यावर बंदी आहे’, तेव्हा मी तीन गोष्टी विचारते: आदेश लेखी आहे का, कुणी मागितला, कधीपर्यंत आहे. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, आदेश शोधते. कधी नोंद असते, कारणांसकट. मग मी वही मिटते. कधी असं निघतं की आदेश नावापुरताच आहे आणि बाकी सगळं लिहिता येतं. कधी तर आदेशच नसतो, नुसती पक्षकाराची इच्छा असते, आणि ती बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. पुढच्या वेळी ‘कुणाला वाचवताय?’ म्हणून फोन कराल तेव्हा खटल्याचा क्रमांकही विचारा. तो मी देईन, आणि बंदी असेल तर कुठल्या कलमाखाली आहे तेही सांगेन.