डी७० आणि ५डी: रंगांची तुलना करताना काय काय चुकतं

जुन्या सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा एक प्रकार) कॅमेऱ्यांचे रंग 'फिल्मसारखे' असतात असं हल्ली फार ऐकू येतं, आणि त्या बोलण्यावर जुने कॅमेरे विकलेही जातात. म्हणून निकॉन डी७० (२००४, ६ मेगापिक्सेल, सीसीडी) आणि कॅनन ५डी (२००५, १२.८ मेगापिक्सेल, सीमॉस हा सेन्सरचा दुसरा प्रकार) पुण्यातल्या एका गच्चीवर शेजारीशेजारी लावले. पहिल्या दिवसाचे फोटो सरळ टाकून दिले. दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स, ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं कुठलं ते कॅमेराच ठरवतो), वर जेपेग (कॅमेऱ्याने रंग पक्के करून दिलेली फाइल). अशात कुठला रंग सेन्सरचा, कुठला लेन्सचा आणि कुठला कंपनीच्या सेटिंगचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या फेरीत लेन्स एकच: निकॉनची ५० मिमी एफ/१.८डी. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स अडकते त्या कडीपासून) सेन्सरचं अंतर ४६.५ मिमी, कॅननमध्ये ४४. मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये साधा, काच नसलेला अ‍ॅडॉप्टर मावतो. घोळ होतो तो अ‍ॅपर्चर रिंगचा, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या कडीचा (आकडा मोठा, तितकं भोक लहान). डी७० वर रिंग २२ वर लॉक करावी लागते, नाहीतर 'एफईई' हा इशारा लुकलुकत राहतो आणि शटर पडत नाही. एफ/८ मग डायलने लावायचं. तीच लेन्स कॅननवर चढवली की रिंग हाताने ८ वर आणायची. हे विसरलात तर फोटो तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) काळा येतो, आणि कॅननला अ‍ॅपर्चर कळतच नसल्याने फाइलमध्येही नोंद सापडत नाही. वहीत लिहून ठेवा. डी७० चा सेन्सर लहान, तेव्हा ट्रायपॉड दीडपट मागे न्यायचा, म्हणजे २४ चौकोनांचा रंगतक्ता दोन्हीकडे सारखाच, फ्रेमच्या मधोमध येतो.

प्रकाश उन्हाचाच घ्या. घरगुती एलईडीत गडद लाल बहुधा कमी असतो, त्यामुळे दोष दिव्याचा आणि शिव्या कॅमेऱ्याला. नोव्हेंबरात पावसाळा सरून आकाश निवळतं. अकरा ते दोनच्या दरम्यान उरकलं. पण गच्चीला वॉटरप्रूफिंगचा विटकरी रंग होता आणि तक्त्याची खालची, करड्या चौकोनांची ओळ तांबूस यायला लागली. खाली काळी चादर अंथरल्यावर ते गेलं. अंगात भगवा किंवा पिवळा शर्ट असेल तर तोही तक्त्यावर उतरतो. ऊन तक्त्यावर साधारण ४५ अंशांतून पडू द्या. काळा चौकोन राखाडी दिसला तर चकाकी येतेय, तक्ता थोडा कलवा.

डी७० चा आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) २०० पासूनच सुरू होतो, म्हणून दोन्हीकडे २००, एफ/८, १/८०० सेकंद, शिवाय एक-तृतीयांश स्टॉप वर-खाली. आकडे जुळले म्हणजे एक्स्पोजर जुळलं असं मात्र नाही. करड्या ओळीतला डावीकडून चौथा चौकोन दोन्ही फोटोंत सारखा उजळ येईल अशी जोडी निवडायची. अर्धा स्टॉप उजळ फोटोतले रंग फिके आणि गोड दिसतात, आणि लोक त्यालाच 'त्या कॅमेऱ्याचा रंग' म्हणतात. क्रम डी७०, ५डी, पुन्हा डी७०. पहिला आणि तिसरा जुळला नाही तर मध्येच ऊन बदललंय, सगळं परत.

फक्त रॉ फाइल (सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं) घेतल्या. रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना एकच न्यूट्रल प्रोफाइल (सेटिंगचा साधा संच), व्हाइट बॅलन्स दुसऱ्या करड्या चौकोनावरून (पांढरा चौकोन कधी कधी जळलेला असतो). मग अडोबीच्या फुकट मिळणाऱ्या डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये तक्त्यावरून दोन्ही कॅमेऱ्यांची रंग दुरुस्त करणारी प्रोफाइल बनवली. इथेच बहुतेक फरक विरघळला. नावं झाकून तक्ते समोर ठेवले तर कुठला सीसीडी ते मला सांगता येईना.

उरला तो फरक तक्त्यावर नव्हताच. मंडईतला झेंडू, तुळशीबागेतलं कुंकू, कुंडीतली गोकर्ण आणि काळ्या कापडाचे दोन तुकडे, एक सुती आणि एक पॉलिस्टरचं अस्तर, असं सगळं तक्त्याशेजारी मांडलं होतं. डी७० मध्ये अस्तर किंचित वांगी झालं, सुती काळंच राहिलं. डोळ्याला दोन्ही सारखीच काळी. कारण असं की सेन्सरपुढची अवरक्त (डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड) किरण अडवणारी काच डी७० मध्ये कमजोर आहे, आणि कृत्रिम धाग्याचं काळं कापड अवरक्त किरण बऱ्यापैकी परतवतं. साध्या पिवळ्या बल्बखाली हे आणखी वाढतं. टीव्हीचा रिमोट लेन्सकडे धरून अंधारात एक सेकंदाचा फोटो काढा. डी७० मध्ये ठळक ठिपका उमटतो, ५डी मध्ये अगदी मंद. उपाय म्हणजे ५२ मिमीचा अवरक्त-रोधक फिल्टर. गोकर्णीची निळाई जांभळ्याकडे झुकते तीही याच जातीची भानगड: निळ्या फुलांच्या पाकळ्या दृश्य पट्ट्याच्या टोकाचा गडद लाल प्रकाशही परतवतात, तो आपल्या डोळ्याला जेमतेम दिसतो, सेन्सरला जास्त. तक्त्यावरच्या रंगद्रव्यांत असं काही नसतं, म्हणून तक्ता जुळवून गोकर्ण जुळत नाही.

झेंडूची गोष्ट वेगळी, तिथे चूक माझीच होती. डी७० हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) एकच दाखवतो आणि त्यात लाल रंगाचं वजन कमी. आलेख ठाकठीक दिसत असताना लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) भरून गेलेला होता, पाकळ्यांच्या कडा मिटून नारिंगी गोळा झाला. ५डी मध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम आहे, तिथे ते लगेच कळलं. डी७० वर दोन-तृतीयांश स्टॉप कमी केल्यावर पाकळ्या सुट्या झाल्या. कुंकवाला तेवढंही पुरलं नाही, पूर्ण एक स्टॉप उतरावं लागलं.