९२१ डॉलरची खुर्ची

२०२५ च्या फेब्रुवारीतली रात्र होती. खिडकीच्या काचेला बर्फाचा भुगा चिकटलेला, वरणाला फोडणी द्यायची राहिलेली, आणि मी जर्सी सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर नाट्यगृहाचा नकाशा. एक ठिपका म्हणजे एक खुर्ची, ठिपक्यावर बाण नेला की भाव दिसतो. पुढच्या रांगेत नेला : ९२१ डॉलर. चार रांगा मागे नेला : ९२१. आणखी मागे, जरा कडेला : तरीही ९२१.

नेमका तेव्हाच अप्पांचा फोन आला. सांगलीत सकाळ झाली होती, त्यांचा चहा नुकताच झाला होता.

"काय करतेस गं?"

"नाटकाचं तिकीट बघतेय, अप्पा. ऑथेल्लो लागतंय."

"म्हणजे आपला झुंझारराव!" त्यांचा आवाज एकदम चढला. "मग जा की. कितीला आहे?"

मी आकडा सांगितला. डॉलर त्या दिवसांत सत्त्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. अप्पांनी आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं, त्यांना कागद लागत नाही. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ऐंशी हजार? एका माणसाचे?"

आमच्या घरात ऑथेल्लो हे परकं नाव नाही. गोविंद बल्लाळ देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिलं, आणि गणपतराव जोशींनी ते गाजवलं. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी या नाटकाचं मराठी भाषांतर केलं होतं. अप्पा अजूनही डेस्डेमोनाला कमळजा म्हणतात आणि इयागोला जाधवराव. माझ्या डोक्यातही तो कपटी माणूस जाधवराव म्हणूनच येतो, मग पडद्यावर त्याचं नाव काहीही असो. म्हणून न्यूयॉर्कच्या ४७व्या रस्त्यावरच्या एथेल बॅरीमोर थिएटरात हे नाटक नव्यानं उभं राहतंय असं कळलं, तेव्हा मला ते घरचं कार्य असल्यासारखं वाटलं होतं.

त्यात ऑथेल्लो करणार होता डेन्झेल वॉशिंग्टन आणि इयागो जेक जिलेनहॉल. सिनेमातला चेहरा आणून उभा केलाय असं कुणी म्हणेल, पण वॉशिंग्टनच्या बाबतीत ते खरं नाही. हा माणूस रंगभूमी सोडून गेलेला नाही. २०१० साली त्याला रंगभूमीवरच्या कामासाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार, मिळालाय. फोर्डम विद्यापीठात शिकत असताना, बाविसाव्या वर्षी, त्यानं ऑथेल्लो केला होता, आणि आता सत्तरीत तो पुन्हा तीच भूमिका करणार होता. एकाच भूमिकेच्या दोन टोकांना अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर! ज्याला नाटकाचं वेड आहे त्याला हे ऐकून घरात बसवत नाही.

आमचा चौघींचा नाटकांचा गट आहे. एक नागपूरची, एक फोंड्याची, एक डोंबिवलीची आणि मी. मराठी मंडळाच्या तालमींमध्ये ओळखी झाल्या, आता महिन्यातून एकदा मिळून नाटक बघतो. पुढचे तीन आठवडे आमच्यात दुसरा विषय नव्हता.

डोंबिवलीची हिशेबनीस आहे. तिनं आम्हाला ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचं, अर्थशास्त्र चहाच्या टेबलावर मांडून दाखवलं. २४ फेब्रुवारीपासून ८ जूनपर्यंत, म्हणजे पंधरा आठवडे. आठवड्याला आठ प्रयोग. हजाराच्या आसपास खुर्च्या. सगळे प्रयोग हाउसफुल्ल गेले तरी सव्वा लाख लोकांच्या वर कुणी हे नाटक बघू शकणार नाही. सिनेमातला मोठा नट वर्षभर मोकळा मिळत नाही, म्हणून मुक्काम छोटा. आणि मुक्काम छोटा असला तरी नेपथ्य, प्रकाशयोजना, जाहिरात, थिएटरचं भाडं, तालमींचे पगार हे सगळं उभं करायला पैसा तेवढाच लागतो. संगीतिका वर्षानुवर्षं चालून तो वसूल करते, या नाटकाला तेवढे दिवसच नाहीत. "मी निर्माती असते तर मीही हेच केलं असतं," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय दुसरीही एक बाजू आहे. २००१ साली 'द प्रोड्युसर्स' ही संगीतिका तुफान चालली होती. तिचं एरवीचं सगळ्यात महागडं तिकीट १०० डॉलरला होतं, पण बाहेर काळ्या बाजारात त्याच तिकिटाला लोक कितीतरी पट मोजत होते. तेव्हा निर्मात्यांनी काही खुर्च्या स्वतःच ४८० डॉलरला काढल्या. मधल्या दलालाच्या खिशात जाणारा पैसा नाटकाकडे यावा, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो तेव्हाही पटण्यासारखा वाटला असता. पण मूठभर खुर्च्यांसाठी निघालेली ती वाट पुढे रुंद होत गेली. आता मागणी वाढली की भाव वाढतो, अगदी विमानाच्या तिकिटासारखा. आणि या नाटकाच्या नकाशावर तर खालचा निम्म्याहून जास्त भाग एकाच भावाचा दिसत होता. अधिकृत शुभारंभाआधीच्या पूर्वप्रयोगांच्या एका आठवड्यातच २८ लाख डॉलरचा गल्ला झाला. ब्रॉडवेवर गद्य नाटकाला एका आठवड्यात एवढी रक्कम त्याआधी कधी जमली नव्हती.

फोंड्याची मात्र चिडली होती. तिचं लहानपण देवळाच्या जत्रेतली नाटकं बघण्यात गेलं. मांडवात पुढे बसायला पैसे नसतात, लवकर यावं लागतं. "नाटक सगळ्या गावाचं असतं," एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मला सांगलीच्या भावे नाट्यमंदिराची बुकिंगची खिडकी आठवत होती. आत टेबलावर खुर्च्यांचा छापील प्लॅन पसरलेला असायचा. बुकिंगवाले काका लाल-निळी पेन्सिल घेऊन बसायचे. अप्पा वाकून म्हणायचे, "बाल्कनी, शेवटून दुसरी, मधल्या तीन." काका तीन चौकोनांवर तिरपी रेघ मारायचे आणि पातळ, खरबरीत कागदाची तिकिटं फाडून द्यायचे. दर महिन्याला आम्ही तिथंच. पुढच्या रांगा आम्हाला परवडत नव्हत्या. पण मला कधी कमीपणा वाटला नाही, कारण अप्पांनी मला त्या जागेचं एक काम सांगून ठेवलं होतं : नटाचा आवाज इथवर पोचतोय का ते आपण बघायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अतिशय मन लावून ते काम करायचे. विराम कुठे घेतला, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं का, हे सगळं मी त्या शेवटून दुसऱ्या रांगेत शिकले.

इथं आल्यावरही मी मागेच उभी राहिले, अगदी शब्दशः. विद्यार्थी असताना काही थिएटरांत तिकिटं संपली की मागच्या भिंतीला टेकून बघायच्या जागा स्वस्तात मिळायच्या. काही नाटकांची सकाळी खिडकी उघडल्यावर त्या दिवसापुरती स्वस्त तिकिटं निघतात, त्यासाठी थंडीत कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून रांगेत थांबले आहे. डफी स्क्वेअरमधलं टीकेटीएस तर तुमच्यापैकी अनेकांनी बघितलं असेल. त्या लाल पायऱ्या आहेत ना फोटो काढायच्या, त्यांच्या खालीच त्या खिडक्या. १९७३ पासून तिथं त्याच दिवसाची उरलेली तिकिटं कमी दरात मिळतात. पण 'उरलेली' हा शब्द महत्त्वाचा. जे नाटक आधीच भरलंय त्याचं तिथं काही येत नाही.

माझं दुखणं पुढच्या रांगेच्या भावाबद्दल नाहीच. ज्याला परवडतं त्यानं पुढं बसावं, त्याच्या पैशावर नाटक उभं राहत असेल तर चांगलंच आहे. आपल्याकडेही हे झालंय. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं, तेव्हा एकेका तिकिटाला शंभर रुपये मोजल्याच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या पिढीनं ऐकवल्या. तो पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. दोन कंपन्यांचे दोन नायक एका रात्रीसाठी एकत्र आले होते, आणि केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. ज्यांनी ती रात्र बघितली त्यांना शंभर रुपये जास्त झाले असं म्हणायची माझी छाती नाही.

दुखणं मागच्या रांगेचं आहे. प्रत्येक नाट्यगृहात एक कोपरा असा राहिला पाहिजे जिथं शाळामास्तर आपल्या मुलीला दर महिन्याला आणू शकेल. एकदाच नव्हे, दर महिन्याला. कारण एका नाटकानं प्रेक्षक होत नाही. दहा बरी, चार वाईट आणि एखादं जन्मभर पुरणारं, अशी बघत बघत कान तयार होतात. भाव इतके चढले की माणूस वर्षातून एकच नाटक निवडतो, आणि ते निवडताना जोखीम घेत नाही. ओळखीचा चेहरा बघून निवडतो. नवा लेखक, नवी नटी, अनोळखी संहिता यांच्या वाट्याला मग कोण येणार? २०२५ च्या त्या हंगामात ब्रॉडवेवर मोठ्या चेहऱ्यांच्या नाटकांनी गल्ल्याचे उच्चांक मोडले, त्याची बातमी सगळीकडे झाली. मला त्या बातमीत आनंद शोधूनही सापडेना.

शेवटी आमच्यातली नागपूरची एकटी गेली. तिनं वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते, आणि कॉलेजात तिनं शिरवाडकरांच्या 'ऑथेल्लो'तला प्रवेश केला होता. तिला जायलाच हवं होतं, आम्ही तिघींनीही तिला ढकललं. पुढच्या रविवारी तिच्या घरी बसून आम्ही अडीच तास तिच्याकडून नाटक ऐकलं. जवळजवळ मोकळा रंगमंच, उंच खांब, आजच्या काळातले लष्करी गणवेश. वॉशिंग्टन आला तशा टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेपर्यंत नाटकाला वाट बघावी लागली. "आणि खरं सांगू? नाटक इयागोनं खाल्लं," ती म्हणाली. जाधवराव, मी मनात म्हटलं. पैसे वसूल झाले का, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तिनंच सांगितलं, "शेवटच्या प्रवेशात ऑथेल्लो डेस्डेमोनाच्या उशाशी आला ना, तेव्हा भाव विसरले. बाहेर पडल्यावर पुन्हा आठवला." पुढे टोनीच्या नामांकनांत या प्रयोगाचं नाव कुठंच आलं नाही, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट तिलाच वाटलं.

मी गेले नाही. परवडलं नसतं असं नाही, इथं दोघांच्या नोकऱ्या आहेत. पण तो ठिपका दाबताना माझा हात अडला.

मग ऑगस्ट आला. सेंट्रल पार्कमधलं डेलाकोर्ट हे उघड्यावरचं नाट्यगृह १९६२ पासून उन्हाळ्यात शेक्सपिअर फुकट दाखवतं. दुरुस्तीसाठी ते बंद होतं, ते त्या ऑगस्टात 'ट्वेल्फ्थ नाइट' घेऊन पुन्हा उघडलं. लुपिता न्योंगो, सँड्रा ओ, पीटर डिंक्लेज. यातल्या कुणाचाही चेहरा ब्रॉडवेवर लावला तर भाव काय होईल ते तुम्हीच बघा. इथं शून्य डॉलर, फक्त रांग.

सकाळी सहाच्या आधी आम्ही पार्कच्या फाटकाशी पोचलो. तिकिटं दुपारी बाराला वाटतात. चादर अंथरली, धपाटे आणि दही काढलं. पलीकडे एक निवृत्त शिक्षिका घडीच्या खुर्चीवर विणत बसल्या होत्या. त्यांनी १९८२ मध्ये जेम्स अर्ल जोन्सचा ऑथेल्लो आणि क्रिस्टोफर प्लमरचा इयागो बघितला होता. धपाट्याचा तुकडा मोडत त्या प्लमरच्या चालण्याबद्दल बोलत राहिल्या, आणि मग हात पुसून म्हणाल्या की या वर्षीचा ऑथेल्लो त्यांना बघता आला नाही, पेन्शनीत बसत नव्हता. तेवढंच. पुन्हा विणायला लागल्या. चाळीस वर्षं नाटकं बघून ज्यांचे कान असे तयार झालेत, त्या बाईंची जागा त्या हजार खुर्च्यांत नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

फुकटचीही किंमत असते, हे मला कळतं. सहा तास रांगेत बसायला रजा लागते. आमच्या इमारतीत दिवसभर लोकांची मुलं सांभाळणारी बाई ते तास कुठून आणणार? म्हणून तिकिटांची लॉटरीही असते, शहराच्या पाचही भागांत ती वाटायचीही सोय असते. पुरेसं नाही, पण कुणीतरी त्या बाईचा विचार केलेला आहे.

आम्हाला मिळाली ती जागा वरच्या रांगांतली. झाडांवर अंधार उतरला, मागे रंगमंचावर माणसापेक्षा उंच अक्षरं उजळली. नायिका व्हायोला झाली होती लुपिता, आणि तिच्या जुळ्या भावाच्या भूमिकेत तिचा सख्खा भाऊ. वादळात ताटातूट झालेली ती दोघं शेवटी समोरासमोर येतात आणि स्वाहिलीत बोलतात. मला त्यातला एक शब्द येत नाही. शेजारी फोंड्याचीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

रात्री घरी जर्सीला परतताना पाथ रेल्वेच्या गाडीतून अप्पांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "वरपर्यंत आवाज येत होता?"

"माइक होते, अप्पा. पण येत होता."

"आणि रांग किती वेळची?"

सांगितलं. आता ते व्हिसाचे कागद जमवतायत. माझी पुढच्या ऑगस्टातली दोन दिवसांची रजा मी टाकून ठेवली आहे, आणि डोंबिवलीचीनं त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणायचं कबूल केलंय.