अडतीस पॉइंट आणि एक पाइप

दस्तुरी नाक्यावर टॅक्सीतून पाय खाली ठेवतो न ठेवतो, तोच एक घोडेवाला समोर उभा. "साहेब, माथेरानला ३८ पॉइंट आहेत. चालून व्हायचे नाहीत." मग ताईच्या पांढऱ्या केसांकडे बघत, "मावशींना तर नाहीच."

ताईला राग आला नाही. तिने घोड्याची मान थोपटली, त्याचं वय विचारलं आणि चालायला लागली. राग मला आला. आणि त्या रागापायी माझा सगळा दिवस फुकट गेला, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही आलो होतो ते चालायलाच. ताईने ३१ वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी रोज चाल म्हणून सांगितलंय, तेही मऊ जमिनीवर. डोंबिवलीत मऊ जमीन कुठून आणायची? फूटपाथवर वडापावची गाडी, तिच्यापुढे स्कूटर, आणि उरलेल्या वितभर जागेत उघडं गटार. माथेरानला गाड्यांना बंदी आणि पायाखाली लाल माती. म्हणून ऑगस्टातले दोन दिवस काढले.

पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालू असतं. ते उभंच होतं. ताई त्याच्याकडे न बघता रुळांच्या कडेने पुढे गेली. १९०७ पासूनची ही लाइन. तिच्या बाजूने चालताना ओल्या मातीचा आणि घोड्याच्या लिदेचा मिसळलेला वास येतो. मला तो आवडतो. घरच्यांना हे सांगायची सोय नाही.

हॉटेलात बॅगा टाकल्या, काउंटरवरून नकाशा घेतला आणि शर्टाच्या खिशाला पेन अडकवलं. फोनमध्ये पावलं मोजायचं अॅप होतंच. अलेक्झांडर पॉइंट: धुकं, खूण केली. रामबाग: धुकं, खूण केली. चौक पॉइंटला क्षणभर पडदा सरकला, खाली हिरवंगार काहीतरी चमकलं, आणि मी तेव्हा नकाशात पुढची वाट शोधत होतो. वन ट्री हिलला पोचलो तेव्हा ताई मागे दिसेना. परत गेलो तर ही बाई वाटेत उभी. एक खेकडा रस्ता ओलांडत होता. त्याचं ओलांडून होईपर्यंत ती थांबली होती.

"ताई, असं केलंस तर दहासुद्धा व्हायचे नाहीत."

"दहा काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

शार्लोट लेक भरून वाहत होता. पिसारनाथाचं दर्शन घेतलं, भाजलेली कणसं घेतली, आणि कणसाला लिंबू-तिखट चोळता चोळता ताईने विचारलं, "तुला पाखोम आठवतो का रे बाळ्या?"

टॉलस्टॉयच्या 'माणसाला किती जमीन लागते?' या कथेतला शेतकरी. बाश्कीर लोक त्याला सांगतात, हजार रुबल दे आणि दिवसभरात पायी जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी तुझी. अट एकच, सूर्य मावळायच्या आत निघालास तिथे परत यायचं. मुखिया टेकडीवर आपली टोपी ठेवतो, तिथून सुरुवात. पाखोम निघतो. हे कुरण चांगलं आहे, घेऊ. हा सखल भाग जवसाला बरा, हाही घेऊ. शेवटी धावत सुटतो, टोपीपर्यंत पोचतो आणि तिथेच मरतो. गडी त्याला पुरायला खड्डा खणतो, डोक्यापासून पायापर्यंत मापाचा. तेवढीच जमीन लागली.

"मुलांना हा शेवट फार आवडायचा," ताई म्हणाली. "पण त्यांना वाटायचं, शेवटी कलाटणी मिळाली म्हणजे झाला उपरोध. अरे, कलाटणी काय, कुणीही देतं. इथे पहिल्या वळणापासून आपल्याला कळत असतं हा कुठे चाललाय, फक्त त्यालाच कळत नाही. खरा उपरोध तो. आणि हे कुणी लिहिलं? १८८६ ची कथा आहे. त्याच वर्षी हा गृहस्थ मॉस्कोहून यास्नाया पोल्यानाला आपल्या घरी चालत गेला होता. दोनेकशे किलोमीटर. सत्तावन्न वर्षांचा होता. हौस म्हणून!"

मी अगदी मनापासून वा म्हणालो. घड्याळ बघितलं. पावणेसहा. पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त प्रसिद्ध आहे. "ताई, तू ये सावकाश, मी पुढे होतो," म्हणालो आणि धावत सुटलो.

हो, गोष्ट ऐकून दोन मिनिटंही झाली नव्हती.

चिखलात दोनदा घसरलो. एका ओढ्यात बूट घोट्यापर्यंत बुडाले. दम लागला, बरगडीत कळ आली, आणि मला खरंच वाटत होतं की आपण वेळेत पोचतोय. पोचलोही. पुढे पांढरा पडदा. सूर्य नाही, दरी नाही, चार हातांवरचं रेलिंगसुद्धा नीट दिसत नव्हतं. प्लास्टिकखाली स्टोव्ह पेटवून एक चहावाला बसला होता. त्याला विचारलं, सूर्यास्त कुठल्या बाजूला? त्याने मला नीट बघून घेतलं. "ऑगस्टात आलात होय?" एवढंच म्हणाला. चहा वीस रुपयांचा, पाणचट. मी दोन प्यायलो.

पावलं किती झाली ते बघायला फोन काढला. पाणी गेलं होतं आत, काळा पडदा. एकूण किती चाललो ते आता कुणालाच कळणार नाही.

अर्ध्या वाटेत ताई भेटली, छत्री मिटलेली, पूर्ण भिजलेली, खूश. मी गप्प. तिने काही विचारलं नाही, हे तिचे उपकार. अंधार पडायला लागला होता, तिच्या पर्समधल्या छोट्या टॉर्चवर आम्ही निघालो. फोन बंद, नकाशाचा खिशात लगदा झालेला, पुढे जायचं ते फक्त खोलीवर. तेवढाच अर्धा-पाऊण तास त्या दिवशी मी चाललो. बाकी सगळी धावपळ. पाऊस पानांवर आधी वाजतो आणि मग आपल्यावर पडतो, हे मला पन्नाशीत कळलं. लाल माती अंधारात दिसत नाही, पण बुटाखाली ती मऊ लागते, दगड टणक लागतो, आणि थोड्या वेळाने पायच वाट बघायला लागतात.

"चेखॉव्हने टॉलस्टॉयला उत्तर दिलंय," ताई मध्येच म्हणाली. १८९८ ची 'गूजबेरीज'. तिची सुरुवातच दोन माणसं माळावरून चालताहेत अशी. पाऊस गाठतो, ती एका ओळखीच्याकडे आसरा घेतात, त्यातला इवान इवानिच पावसातच नदीत पोहतो आणि पाण्यातून बाहेर यायलाच तयार नसतो. मग रात्री भावाची गोष्ट सांगतो. भावाने जन्मभर पोट मारून मळा घेतला, स्वतःच्या झाडाची गूजबेरी खायला. ती निघते टणक आणि आंबट, आणि तो मिटक्या मारत खातो. सहा फूट जमीन मेलेल्या माणसाला लागते, जिवंत माणसाला सगळी पृथ्वी लागते, असंही तो सुनावतो. चांगलं करा म्हणून सोबत्यांना कळकळीने सांगतो. आणि झोपतो. त्याच्या पाइपच्या जळक्या तंबाखूचा वास खोलीभर, त्या वासाने सोबत्याला झोप नाही, आणि वास कुठून येतोय हेही त्या बिचाऱ्याला कळत नाही.

"शेवट एवढाच?"

"एवढाच. मुलांना नाही आवडायचा."

रात्री जेवणानंतर मी पलंगावर पडून बराच वेळ बोललो. माणसं डोंगरावर येऊनही कशी मोजत बसतात, पॉइंट कसले, फोटो कसले, चालायचं ते चालण्यासाठी. उद्या आपण नकाशाच घ्यायचा नाही. ताई हं हं करत होती. माझा डोळा लागला.

किती वाजता कोण जाणे, अंधारातून आवाज आला.

"बाळ्या."

"हं?"

"पाइप."

मला आधी काही कळेना. मग कळलं. बूट-मोजे पलंगाखालीच होते, दिवसभराच्या ओढ्या-चिखलासकट. उठून दार उघडायला गेलो तर दारावर पाटी: बाहेर काही ठेवू नये, माकडं नेतात. शेवटी सगळं बाथरूममध्ये टाकलं आणि दार ओढलं. पावसाने फुगलेलं दार चार बोटं उघडंच राहिलं.

ताईने चादर डोक्यावरून घेतली.