स्टार फॉक्स २ : पूर्ण होऊनही रद्द झालेला खेळ

रविवार, रात्री

दुपार आणि संध्याकाळ 'स्टार फॉक्स २' खेळण्यात गेली. अंतराळयुद्धाचा हा व्हिडिओ गेम निन्टेंडो आणि लंडनची अर्गोनॉट सॉफ्टवेअर यांनी मिळून सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रासाठी तयार केला, जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात तो लोकांना दाखवलाही, आणि काम हातावेगळे होत आलेले असताना रद्द केला. रद्द झालेले खेळ बहुधा अर्धवट असतात. पैसा संपतो, माणसे सोडून जातात किंवा कंपनीच बुडते. इथे अडचण बाहेरून आली. १९९४ च्या अखेरीस जपानमध्ये सेगाचे सॅटर्न आणि सोनीचे प्लेस्टेशन ही नवी गेम-यंत्रे पाठोपाठ बाजारात उतरली, आणि त्यांच्यावरच्या त्रिमितीय चित्रांपुढे सुपर एफएक्स या खेळाच्या कार्ट्रिजमधल्या जादा चिपच्या आधाराने उभे केलेले सपाट रंगांचे त्रिकोण-चौकोन जुनाट वाटू लागले. शिवाय घरचेच नवे यंत्र, निन्टेंडो ६४, येऊ घातले होते, आणि जुन्या यंत्रावरची त्रिमिती नव्याच्या वाटेत येऊ नये, असे निन्टेंडोचे ज्येष्ठ गेम-रचनाकार शिगेरु मियामोतो यांचे मत होते. व्यवहार म्हणून हा निर्णय मला पटतो.

खेळायला बसल्यावर मात्र हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. १९९३ च्या पहिल्या भागात आखून दिलेल्या वाटेने पुढे जायचे आणि समोर येईल ते पाडायचे, एवढेच काम होते. इथे समोर नकाशा असतो. खलनायक अँड्रॉसची क्षेपणास्त्रे आणि युद्धनौका त्यावरून कॉर्नेरिया ग्रहाकडे सरकत असतात, आणि आपण दुसरीकडे लढत असलो तरी त्या थांबत नाहीत. आज एका ग्रहावर आर्विंगचे, म्हणजे आपल्या लढाऊ यानाचे, दोन पायांवर चालणारे यंत्र करून मी शत्रूच्या तळाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलो, पण तेवढ्यात मोकळी सोडलेली क्षेपणास्त्रे कॉर्नेरियावर जाऊन आदळली. तिथले नुकसान १०० टक्के झाले की खेळ आटोपतो. आधी कुणाला अडवायचे, हा हिशेब प्रत्येक डावात नव्याने मांडावा लागतो, कारण शत्रूची मांडणीही बदलते. गर्दी झाली की चित्र अडखळते, हेही खरे. पहिल्या चिपहून दुप्पट वेगाची चिप असूनही यंत्राची दमछाक लपत नाही.

मोकळ्या आकाशात चहूकडे फिरून लढण्याची रीत १९९७ च्या 'स्टार फॉक्स ६४' मध्ये आली, नकाशा मात्र आला नाही. तो २००६ मध्ये 'स्टार फॉक्स कमांड' मध्ये परतला, आणि तो खेळ क्योतोच्या क्यू-गेम्सने केला, जी या रद्द झालेल्या खेळाचा प्रमुख प्रोग्रामर डिलन कथबर्ट याने उभी केलेली कंपनी. खुद्द 'स्टार फॉक्स २' ला अधिकृत वाट मिळाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, सुपर निन्टेंडोच्या छोट्या आवृत्तीत. तीही आधी पहिल्या 'स्टार फॉक्स' चा पहिला टप्पा पार करण्याच्या अटीवर, जणू २२ वर्षांची प्रतीक्षा पुरेशी नव्हती.